एरॉसचा दुसरा खड्डा

मी नागपुरात कॉलेजला फिजिक्स शिकवतो. बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हिवाळ्यात पोरांना घेऊन रामटेक रोडला ओळखीच्यांच्या शेतावर रात्रभर बसतो, शहरात उजेडच एवढा झालाय. त्या वर्षी जानेवारीत एरॉस हा लघुग्रह पृथ्वीजवळ आलेला, म्हणून तोच घेतला. आठ इंची टेलिस्कोप, कॅमेरा, तीस-तीस सेकंदांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून एरॉसचा उजेड मोजायचा.

नऊला सुरू केलं. पावणेअकराला ग्राफमध्ये पहिला खड्डा पडला, मग उजेड चढला, मग परत उतरायला लागला. एक वीसला दुसरा खड्डा, आणि तो पहिल्यापेक्षा चांगलाच खोल. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते दव! लेन्सला हात लावला तर गार, ओलसर. हेअर ड्रायर आणायला उठलोच होतो, तेवढ्यात प्रोजेक्टवाली मुलगी म्हणाली, "सर, थांबा ना, मी दुसरा ताराही मोजून राहिली." तिनं दोन ताऱ्यांमधला फरक काढून दाखवला, टिंबांची रेघ अगदी सरळ. दव असतं तर तारे आणि एरॉस सगळेच सारखे फिके पडले असते, तुलनेत काही दिसलंच नसतं. म्हणजे घसरला होता तो एरॉसच. ड्रायर तरी फिरवला, दव वाढत होतंच, पण तिचं बरोबर होतं.

एरॉसची स्वतःभोवतीची एक फेरी सॉफ्टवेअर तोवर २.६ तासांची सांगत होतं. आकडा अशक्य नाही म्हणून फसवा. सैल दगडांचे मोठे लघुग्रह साधारण २.२ तासांपेक्षा जोरात फिरले तर विखुरतील, त्या मर्यादेच्या हा अलीकडेच. पण एरॉस लांबुळका, बटाट्यासारखा, ३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम ११ रुंद, एका फेरीत दोनदा रुंद बाजू दाखवतो आणि दोनदा टोक, म्हणून दोन खड्डे मिळून एक फेरी. आणि दोन्ही टोकं सारखी नसतात, तेच तर त्या खोल खड्ड्यात दिसत होतं. पण हे म्हणायला तिसरा खड्डा हवा होता, आणि तो पहिल्याइतकाच हवा होता.

बाकीची पोरं गाडीत झोपली. ती बसून राहिली, शाल डोक्यावरून घेऊन, दर पाच मिनिटांनी टिंब पडलं की आकडा मोठ्यानं वाचायची. चारला खड्डा आला, आणि खोली? अगदी पहिल्याएवढी! पावणेअकरा ते चार, सव्वापाच तास. खरा आकडा ५.२७ तास. मला खरंच भरून आलं हो. २००१ मध्ये नासाचं यान ज्या दगडावर जाऊन उतरलं, त्याची फेरी या पोरीनं शेतात बसून मोजली होती.

राखणदार काकांनी चुलीवरचा चहा आणून दिला. तिनं कप हातात घेतला आणि विचारलं, "सर, पक्का आकडा द्यायला अजून किती रात्री लागतील?"

"दोन तरी."

"मग उद्या येऊन राहिले ना आपण?"