बाजाराला मत नसतं

आमचं दुकान मॅचिंगचं. अस्तर, फॉल, लेस, हुक, चेन, रिळं. सासऱ्यांनी टाकलेलं, चिपळूणच्या बाजारपेठेत, पण मेन रोडवर नव्हे, आतल्या बोळात. ऑनलाइनने शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याला आणि पलीकडच्या चपलांच्या दुकानाला घाम फोडला, अस्तराच्या वाटेला मात्र अजून ते गेलेलं नाही. साडी पिशवीतून काढायची, ताग्याचं टोक तिच्यावर टाकायचं, दोन्ही घेऊन दारात उन्हात जायचं, ‘जरा गडदच वाटतोय, नाही?’ म्हणत परत आत यायचं. एवढं सगळं फोनवर जमत नाही.

बाजार बसला असं म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव निघतं पुराचं. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारात आल्या, खालचा माल सगळा गेला. लाल-हिरव्या अस्तरांचा रंग पांढऱ्यात उतरला, ते तागे फरशी पुसायलाही घेईना कोणी. सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले. त्या पैशांत रॅक झाले. माल उधारीवर भरला.

तरी खरं सांगू? मला पुरापेक्षा एसटीचा संप जड गेला. पुरानंतर लोक विचारपूस करत होते, व्यापारी थांबायला तयार होते. आम्ही भिंती रंगवल्या, दिवाळीसाठी नवा माल लावला, आणि नेमका तेव्हाच एसटीचा संप सुरू झाला. तो पार एप्रिल २०२२ पर्यंत. दुकान चकाचक आणि बोळात चिटपाखरू नाही. तेव्हा कळलं की माझं गिऱ्हाईक शहरातलं नाहीच. ते मार्गताम्हाण्याचं आहे, शृंगारतळीचं, वेळणेश्वरचं, अलोरे-पोफळीचं, सावर्ड्याचं. ते एसटीने येतं आणि एसटीनेच जातं.

उलटही अनुभव आहे. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि महिन्याभरात फरक दिसला. पूर्वी एकीने सगळ्या वाडीचे ब्लाउजपीस आणायचे, आता चौघी मिळून यायला लागल्या. २०२४ च्या गणपतीआधी लाडक्या बहिणीचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा तर फॉल संपले होते माझ्याकडे. या योजनांवर राजकीय मत काय असायचं ते असो (आमच्या घरात दोन आहेत, जेवताना विषय काढत नाही), पण गल्ल्याला राजकारण कळतं ते असं.

तर बाई मुंबईच्या निर्णयाने एसटीत बसते. चिपळूणला उतरल्यावर तिचं काय होतं, हे ठरतं गावच्या राजकारणात. आणि ते बहुतेक वेळा ठरतच नाही.

ती पहाटे घरातून निघालेली असते. पाणी कमी पिते, मुद्दाम. दुपारपर्यंत कशीबशी खरेदी उरकते. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भावाचा नाही. आवाज खाली करून विचारतात, ‘वहिनी, इथे जवळ कुठे जायची सोय आहे का?’ मी वरच्या भाडेकरूंच्या दारापर्यंत नेऊन सोडते. त्या माउलीने आजवर कुणाला नाही म्हटलं नाही, पण ती काय नेमलेली बाई आहे? आणि गिऱ्हाइकाला घाई लागली की ते साडीवर अस्तर घेतं, लेस राहू देतं. पुढच्या दुकानात तर जातच नाही.

पार्किंगवर आमच्याकडे तासन्‌तास बोलतात. मलाही पटतं, चारचाकीवाला हायवेच्या कडेच्या दुकानात जातो कारण तिथे गाडी लागते. पण व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय काढला की एकदम सगळे मोबाइल बघायला लागतात.

मध्यंतरी विषय काढायचा तरी कोणापुढे, हाही प्रश्न होता. २०१६ साली नगरपरिषदेवर निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात. पुढची निवडणूक व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. महाराष्ट्रभर हीच तऱ्हा, आमचंच काही वेगळं नव्हतं. मधल्या काळात प्रशासक. प्रशासकाच्या काळात कामं होत नाहीत असं नाही, पण प्रशासकाला बोळात गाठून चार शब्द सुनावता येत नाहीत. आधीचे आमचे नगरसेवक काही फार मोठे कामाचे होते असं मी म्हणणार नाही. पण चहाला यायचे. चहा घेताना ऐकावं लागायचंच.

मग प्रचार आला. एक उमेदवार चार कार्यकर्त्यांसह दुकानात शिरले, हात जोडून.

‘वहिनी, लक्ष असू द्या.’

‘भाऊ, आधी एक विचारते. बाजारात बायकांसाठी...’

‘होणार, सगळं होणार. तुमचा प्रभाग कुठला?’

‘आम्ही कापसाळला राहतो.’

‘म्हणजे ग्रामपंचायत,’ ते म्हणाले, आणि पुढे केलेलं पत्रक सहज परत मागच्या माणसाच्या हातात गेलं. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी पेठमापची. तिचा पत्ता कळल्यावर मात्र तिला तीन बटणं समजावून सांगितली, दोन प्रभागातल्या उमेदवारांची आणि एक नगराध्यक्षांचं, कुठलं कधी दाबायचं ते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझाच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा ‘लिहून घ्या रे’ झालं.

राग नाही आला मला त्यांचा. हिशेबाने बरोबरच होते ते. पुरानंतर ज्यांना परवडलं ते वर, उंचावर राहायला गेले, त्यात आम्हीही. बाजारातल्या बहुतेक माड्यांवर आता गोदामं आहेत नाहीतर कुलपं. कितीतरी गाळ्यांचे मूळ मालक पुण्या-मुंबईला. दिवसभर इथे राबणारे दुकानदार रात्री कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत झोपतात. आणि ज्यांच्या जिवावर दुकानं चालतात ती गुहागर तालुक्यातली बाई तर इथल्या यादीत कधीच नव्हती. ज्यांना बाजार हवाय त्यांना मत नाही आणि मत आहे त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात कुरियरवाला येतो. मग जाहीरनाम्यात नदीकाठचं सुशोभीकरण येतं. गाळ काढण्याबद्दल येतं ते योग्यच आहे, त्यासाठी इथल्या लोकांनी साखळी उपोषण केलंय. पण बाजारात येणाऱ्या माणसाच्या पोटाचं, पायाचं, लघवीचं कोणी बोलत नाही.

मतदान झालं, मोजणी ३ तारखेची ती हायकोर्टाच्या आदेशाने २१ वर गेली. मधले दिवस बोळात दुसरा विषय नव्हता, ज्याला त्याला आकडे तोंडपाठ. निकाल लागल्यावर मी एक शंभर पानी वही आणली आणि काउंटरवर ठेवली. वर मागणी लिहिली: बाजारपेठेत, चालत जाता येईल अशा जागी, पाणी आणि सफाईची बाई असलेलं महिलांचं स्वच्छतागृह. खाली सही आणि गावाचं नाव. बिल होईपर्यंत बायका सही करतात. एका आजींनी अंगठा दिला आणि सुनेला म्हणाल्या, ‘गावाचं नाव मोठं लिही.’

शेजारचे भांडीवाले काका वही चाळून म्हणाले, ‘यातलं एकही गाव नगरपरिषदेच्या हद्दीत नाही. याला कोण विचारणार?’

मी म्हटलं, काका, ही बाई माझ्याकडून उठून तुमच्याकडे कुकरची शिटी घ्यायला येते. हद्द तिथे कुठे आडवी आली?

काकांनी सही केली. त्यांचंही मत ग्रामपंचायतीतच आहे. मग चष्मा खिशात ठेवता ठेवता म्हणाले, ‘बजेटच्या सभेच्या आत दे. आणि नुसती नगराध्यक्षांच्या हातात देऊन फोटो काढून येऊ नकोस. आवक-जावकला दे, झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घे.’