आमच्या उपासनेला आलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शेजारी, ऑफिसातल्या मैत्रिणी, मुलांच्या वर्गातल्या आया, सगळ्यांचं विचारणं जवळजवळ सारखंच असतं: रविवारी तुमच्या चर्चमध्ये येऊन बसलो तर चालेल का, आणि तिथे आम्हाला काय काय करावं लागेल? चालेल, आणि आम्हाला मनापासून आवडेल. करावं मात्र काहीच लागत नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. नवख्या जागी आपल्या हातून काही वावगं घडू नये असं वाटतंच, म्हणून सविस्तर सांगते.

मी बोलतेय ते नगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीबद्दल (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद). नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलताना मात्र आम्ही अजून नगरच म्हणतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ साली सुरू झालं. त्या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या एकत्रित संघटनेत आल्या, जिची स्थापना १९७० मध्ये नागपूरला झाली. तेव्हा आमची उपासना अगदी पहिल्यापासून मराठीत आहे. तुम्हाला कळणार नाही असं तिथे फारसं काही नसतं.

शहरातल्या चर्चमध्ये बाकं असतात आणि चपला पायातच ठेवतात. खेड्यातल्या बऱ्याच देवळांत (हो, आम्हीही देऊळच म्हणतो) चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. आमच्याकडे बऱ्याच जणी प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुण्यांनी घेतलीच पाहिजे असं नाही. मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, म्हणजे लोक कधी उठतात, कधी बसतात ते समोर दिसतं. नाही उठलात तरी कुणी वळून बघणार नाही. साधारण दीड-दोन तास लागतात.

आत शिरताना कुणीतरी हातात उपासना संगीत ठेवेल. हे आमचं गीतांचं पुस्तक. माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त लक्ष गाण्यांकडे द्या. काही गीतं इंग्रजीतून आलेली, विलायती चालींची आहेत, पण उरलेली ऐकताना तुम्ही चमकून बघाल. अभंग आहेत, ओव्या आहेत, पदं आहेत. पेटी आणि तबला असतो, कुठे झांजाही असतात. यातला फार मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. करजगावला १८६१ साली जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याने होणारा विधी) घेतला, आणि आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी येशूचं चरित्र कीर्तनातून सांगायला सुरुवात केली होती. आम्ही परक्या देशातला देव परक्या सुरात आळवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रविवार नुसतं ऐकायला यावं. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण लहानपणापासून ‘तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?’ हा प्रश्न मी ऐकत आले आहे.

गाण्यांच्या मधे शास्त्रवाचन होतं, बायबलच्या जुन्या आणि नव्या करारातून. मग पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, संदेश. तो कधी अर्धा तास चालतो, कधी त्याहून जास्त. सगळ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा पावसासाठी मागितलं जातं, आजाऱ्यांची नावं घेतली जातात, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागितली जाते, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांची आठवण होते. दानाची पिशवी फिरेल ती सरळ पुढे द्या, ते मंडळीचं कर्तव्य आहे, पाहुण्यांचं नाही. नव्या लोकांना उभं राहून नाव सांगायची विनंती होते. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी दारातच पंचांपैकी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी) कुणाला तसं सांगून ठेवावं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही बसून राहायचं आहे: प्रभुभोजन. बहुतेक ठिकाणी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीचा लहानसा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आणि त्याच्या मरणाची ती आठवण आहे. बाप्तिस्मा घेऊन ज्यांनी मंडळीसमोर विश्वास कबूल केला आहे तेच ते घेतात. आमची स्वतःची लहान मुलंसुद्धा त्या वेळी आईजवळ बसून असतात. माझ्या एका मैत्रिणीला वाटलं, प्रसाद नाकारला तर अपमान होईल, आणि ती उठायला लागली. तिची भावना मला फार भावली, पण हा प्रसाद नाही, हा विश्वासाचा करार आहे. तो घाईने कुणी करू नये, आणि कुणाला करायलाही लावू नये.

यालाच लागून मनातला दुसरा प्रश्न असतो, जो तुम्ही तोंडाने विचारत नाही. आम्हाला ख्रिस्ती करणार का? नाही. तुमच्यावर कुणी पाणी शिंपडत नाही की कसली सही घेत नाही. बाप्तिस्मा मागणाऱ्यालाही आधी शिक्षण घ्यावं लागतं, थांबावं लागतं. संदेशात ‘प्रभूकडे या’ असं आवाहन येऊ शकतं, आणि ते आम्ही मनापासून करतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ऐकून तुम्ही शांतपणे घरी जाऊ शकता.

चर्चगणिक फरक असतोच. वसईकडे कॅथलिक मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेलात तर वेदी हा केंद्रबिंदू दिसेल. पूर्वी ती लॅटिनमध्ये होत असे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत होऊ लागली. पेंटेकॉस्टल सभेत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, कुणी हात उंचावतं, कुणी रडतं. पहिल्यांदा पाहणारा बावरतो, पण घाबरण्यासारखं तिथेही काही नसतं.

नाताळात यायचं बरेच जण ठरवतात. जरूर या, पण त्या दिवशी गर्दीत बसायलाही जागा नसते. त्यापेक्षा गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन या, येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो आणि मधे गीतं होतात. आमचा विश्वास कशावर उभा आहे ते त्या तीन तासांत जितकं कळतं तितकं मला बोलून सांगता येणार नाही. किंवा कापणीच्या सणाला या. शेतकरी कुटुंबं धान्य, भोपळे, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मुलांना फार मजा येते.

निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करा. प्रभुभोजन आहे का, बाप्तिस्मा आहे का, ते सांगेन आणि शेजारी जागा धरून ठेवीन. उपासना संपली की लगेच निघू नका. दारात पाळकसाहेब प्रत्येकाशी हात मिळवतात, अंगणात ‘सलाम’, ‘जय ख्रिस्त’ होतं, चहा होतो. तुम्ही नमस्कार केलात तरी तितक्याच आनंदाने परत नमस्कार मिळेल.