बदकं घरी आली की लगेच सुरी काढू नका

शिकारीचा सीझन सुरू झाला की मला फोन येतात ते याच प्रश्नासाठी, बदकं आणलीयेत, आज रात्रीच साफ करून टाकू का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बघ ती आतून गार झालीयेत का, पोटात छर्रा लागलाय का, आणि दोन्ही बाबतीत सगळं ठीक असेल तर पिसांसकट फ्रीजमध्ये मुरू दे दोन-तीन दिवस, म्हणजे मांस मऊ पडतं. हे ऐकून समोरचा गप्पच होतो, कारण मांस म्हणजे जेवढं ताजं तेवढं चांगलं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. पण रानबदक म्हणजे खुराड्यातली कोंबडी नाही. ते रोज मैलोन्मैल उडणारं जनावर आहे, छातीचं मांस गडद लाल असतं ते त्यामुळेच, आणि ते चुकीच्या वेळी शिजवलं तर चावून चावून जबडा दुखतो, मग लोक म्हणतात रानबदक चांगलंच लागत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. एक जीव घेतलाय तर तो नीट खाल्ला गेला पाहिजे.

(कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी, लायसन्स घेऊन केलेल्या शिकारीबद्दलच लिहितोय हे वेगळं सांगायला नको.)

सगळ्यात महत्त्वाचे आहेत पहिले दोन-तीन तास. बदकाच्या अंगाचं तापमान साधारण ४१ डिग्री असतं, म्हणजे आपल्याला सणसणून ताप आल्यावर असतं त्याहून जास्त, आणि वरून त्याची पिसं अशी की बर्फासारख्या पाण्यात दिवसभर बसलं तरी आतली ऊब बाहेर जात नाही. मेल्यावरही ती पिसं तेच काम करत राहतात ना! विश्वास बसत नसेल तर शिकारीनंतर तासाभराने पंखाखाली हात घालून बघा. वरची पिसं थंडगार, ओली, आणि पंख उचलून बोटं आत छातीच्या बाजूला सरकवली की एकदम गरम लागतं, अजून जिवंत असल्यासारखं. मी प्रत्येक पक्ष्याला असा हात घालून बघतो, आणि जोपर्यंत तिथे ऊब लागते तोपर्यंत त्याला बंद डब्यात किंवा पिशवीत घालत नाही.

हे मी शिकलो ते एका वाईट दिवशी. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट, सकाळी सहा बदकं मिळाली, सगळी एकावर एक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, पिशवी गाडीत मागे टाकली आणि मित्रांबरोबर गप्पा मारत दुपार घालवली, ऊन काही फार नव्हतं. संध्याकाळी पिशवी उघडली तर आतून वाफेसारखा दमट वास आला, मधल्या दोन पक्ष्यांच्या पोटाची कातडी हिरवट पडलेली, आणि पिसं ओढली की कातडीच निघून येत होती. ती दोन्ही टाकावी लागली. ते हिरवट पोट अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

त्यामुळे आता पद्धत ठरलेली. पक्षी हातात आला की पाणी झटकायचं आणि मानेला दोरी लावून सावलीत, वारा लागेल असा टांगायचा, नाहीतर पाठीवर उताणा एकेकटा ठेवायचा. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तर अजिबात नाही. हवा गरम असेल तर कूलर बॉक्समध्ये बर्फाच्या बंद बाटल्या ठेवायच्या आणि पक्षी त्यांच्यावर पसरायचे, सुटा बर्फ नको कारण तो वितळला की पक्षी त्याच पाण्यात भिजत पडतात, आणि सुरुवातीला झाकण थोडं उघडं ठेवायचं म्हणजे ऊब बाहेर जाते.

दुसरं काम छाननी. प्रत्येक पक्षी उताणा करून पोटावरच्या पिसांवर फुंकर मारायची, पिसं बाजूला होतात आणि कातडी दिसते. छातीत, मानेत, पंखात छर्रे असतील तर काही हरकत नाही. पण पोटात, शेपटीकडच्या बाजूला भोक दिसलं किंवा तिथून घाण वास आला तर आतडी फुटलीयेत असं समजायचं, तो पक्षी मुरवायचा नाही, लगेच पोट साफ करायचं, मांस तपासायचं, खराब भाग कापून टाकायचा आणि चांगलं उरलेलं लवकर शिजवायचं. कुत्र्याने जोरात चावलेला असेल तरी हेच. शंका आली तरी हेच. अन्नसुरक्षावाले तर सगळेच पक्षी लवकरात लवकर साफ करा असं सांगतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, तुम्हाला धाकधूक वाटत असेल तर आतडी काढून, आतून कागदाने कोरडं करून, पिसं ठेवून मुरवा, तेही चांगलं होतं. मी अखंड पक्षी आतड्यांसकट ठेवतो, पण फक्त थंडीत, फक्त फ्रीजमध्ये, आणि ज्याची मला खात्री आहे तोच.

आता मुरवायचं कशासाठी? पक्षी मेल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात, पाय वाकवून बघा, लाकडासारखा कडक. याच अवस्थेत शिजवलं तर मांस रबरासारखं होतं, आणि ताठ व्हायच्या आधीच सरळ फ्रीझरमध्ये टाकलं तर तो ताठरपणा बर्फ वितळताना येतो, म्हणजे सुटका नाहीच. थंडीत ठेवलं की साधारण दिवसभरात स्नायू सैल पडतात, आणि तिथून पुढे मांसातलेच एन्झाइम स्नायूंचे धागे हळूहळू तोडायला लागतात. आपण काहीच करायचं नसतं, फक्त थंड ठेवायचं. १ ते ४ डिग्री, म्हणजे फ्रीजचं नेहमीचं तापमान. पूर्वीचे लोक थंड खोलीत टांगायचे, पण खोलीची थंडी दुपारी टिकेल याची खात्री नसते, मला फ्रीजच बरा वाटतो. खालच्या कप्प्यात ट्रे, ट्रेवर जाळी, जाळीवर पक्षी, एकमेकांना न चिकटता, बाकीच्या खाण्यापासून लांब. धुवायचे नाहीत, ओले असतील तर आधी टांगून सुकवायचे. पिसं काढायची नाहीत कारण तीच कातडीला सुकू देत नाहीत.

किती दिवस हा वादाचा विषय आहे, माझं मत सांगतो. टीलसारखं छोटं बदक एक-दोन दिवस, मॅलार्ड किंवा पिनटेलसारखं मोठं बदक तीन ते चार, त्यापुढे मी जात नाही. म्हाताऱ्या पक्ष्याला जास्त दिवस, कोवळ्याला कमी. आणि कोवळा ओळखायचा कसा तर शेपटीची पिसं बघा, सीझनच्या सुरुवातीला पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या शेपटीतल्या काही पिसांच्या टोकाला इंग्रजी व्ही सारखी खाच असते, पिल्लू असतानाची लव तिथून गळून पडलेली असते. मोठ्या पक्ष्याची टोकं अखंड असतात. ही खूण मला एका जुन्या शिकारी काकांनी दाखवली, तेव्हापासून मी प्रत्येक शेपटी बोटांनी पसरून बघतो, नुसतं बघायलाही सुंदर वाटतं.

एक मात्र, जे बदक बुडी मारून मासे-शिंपले खातं त्याचा वास मुरवून जात नाही, उलट वाढतो. तो वास चरबीत असतो. अशा पक्ष्याची कातडी आणि चरबी काढून टाकायची आणि मोकळं व्हायचं.

मुरल्यावर पिसं उपटायला थोडा वेळ लागतो, गरम असताना ती पटकन येतात हे खरंय, पण थंड पक्ष्याची कातडी घट्ट असते आणि कमी फाटते. मोठी पिसं हाताने काढायची, मग पाण्यात मेण वितळवून त्यात पक्षी बुडवायचा, लगेच थंड पाण्यात, आणि मेण कडक झालं की सालीसारखं सोलायचं, बारीक लव त्याच्याबरोबर निघते. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला तेलाची गाठ असते ती कापून टाकायला विसरू नका. छर्र्याच्या भोकात बहुतेक वेळा पिसाचा बोळा ओढला गेलेला असतो, तो चिमट्याने ओढला की मागोमाग छर्राही मिळतो. हातात ग्लोव्ह्ज घाला, नंतर साबणाने हात आणि सुरी धुवा, बर्ड फ्लूमुळे हे आता टाळायचं नाही, आणि आजारी दिसणारा किंवा मेलेला सापडलेला पक्षी उचलायचाच नाही. शिजवताना आतलं तापमान ७४ डिग्रीला जाऊ द्या.

पोट उघडल्यावर शेवटचा निर्णय नाकाचा. चांगल्या मुरलेल्या पक्ष्याला रक्ताचा, थोडा लोखंडासारखा वास येतो. आंबट किंवा सडका आला, मांस बुळबुळीत लागलं, की टाकून द्यायचं, मसाल्याने झाकायचा प्रयत्न करायचा नाही.

सध्या माझ्या फ्रीजमध्ये दोन पिनटेल आणि एक टील आहे, पायाला तारखेची चिठ्ठी बांधलेली. टील उद्या सकाळी काढणार, पिनटेलांपैकी एकाच्या शेपटीला खाच होती, तो परवा. दुसरा अजून एक दिवस थांबेल.