‘प्रभात’च्या वाटेने : कोल्हापूर ते पुणे

पुण्यात डेक्कनकडून विधी महाविद्यालयाच्या रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला आपण सहजपणे प्रभात रोड म्हणतो. एका चित्रपट कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता ज्या स्टुडिओमुळे त्या नावाचा झाला, तो स्टुडिओ पाहण्याची इच्छा मला अनेक वर्षे होती. गेल्या हिवाळ्यात तीन दिवसांची सवड काढली आणि कंपनीने स्वतः केला तोच प्रवास, म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला, त्याच क्रमाने करण्याचे ठरवले. हा क्रम मी इतरांनाही सुचवीन, कारण पुण्यातले भव्य आवार आधी पाहिले तर ‘प्रभात’ किती लहान जागेतून उभी राहिली याचा अंदाज येत नाही.

निघण्यापूर्वी एक तयारी अवश्य करावी. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे तीन चित्रपट पाहून घ्यावेत. ज्याने ते पाहिलेले नाहीत त्याला पुण्यातल्या त्या इमारती केवळ जुन्या इमारती वाटतील.

कोल्हापुरात अर्धा दिवस पुरतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, तिथून सुरुवात करावी. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला आणि त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त एक सबंध पिढी काम शिकली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे तिथलेच. त्यांनी बाहेर पडून सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ची स्थापना केली. पाचांपैकी चौघे प्रत्यक्ष हाताने काम करणारे होते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुणी पडदे रंगवलेले, कुणी यंत्रे उघडून पुन्हा जोडलेली, कुणी पडेल ते काम करत दिग्दर्शनापर्यंत आलेला. पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांतील नेपथ्य आणि ध्वनी यांत जी काटेकोर कारागिरी दिसते, तिचे मूळ या शिकाऊपणात आहे.

मूकपटांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित केला. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे त्यात प्रमुख भूमिकांत होते, आणि त्याची हिंदी आवृत्तीही लगोलग निघाली. कथा एकच, पण चित्रण दोन भाषांत, ही पद्धत कंपनीने पुढे अनेकदा वापरली आणि त्यामुळेच मराठी माणसांची ही कंपनी देशभर पोहोचली. कोल्हापुरात एक गल्लत होण्याचा संभव आहे, ती टाळावी : जयप्रभा स्टुडिओचे नाव ऐकून तो ‘प्रभात’चा असावा असे अनेकांना वाटते. त्याचा इतिहास वेगळा असून तो भालजी पेंढारकरांच्या नावाशी निगडित आहे.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर महामार्गाने सुमारे २३० किलोमीटर आहे. मी सकाळी निघालो आणि दुपारच्या जेवणाला पुण्यात पोहोचलो. ‘प्रभात’ने हेच स्थलांतर १९३३ साली केले.

पुण्यातला स्टुडिओ आज ‘फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’चे आवार आहे. मेट्रोने येणाऱ्यांनी नळ स्टॉप स्थानकावर उतरावे आणि विधी महाविद्यालयाच्या रस्त्याने चालत किंवा रिक्षाने जावे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो : हे शिक्षणसंस्थेचे आवार आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आधी लेखी विनंती करून परवानगी मिळवावी, कामकाजाचा दिवस निवडावा, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्रे काढण्याबाबत आत गेल्यावर विचारून घ्यावे. प्रभात संग्रहालय पाहायचे असल्यास विनंतीत त्याचा वेगळा उल्लेख करावा. विद्यार्थ्यांचे चित्रीकरण सुरू असेल तर स्टुडिओच्या दारातून परतावे लागेल, हे गृहीत धरूनच जावे.

माझे नशीब चांगले होते. पहिल्या क्रमांकाचा मोठा स्टुडिओ त्या वेळी मोकळा होता आणि मला काही मिनिटे आत उभे राहता आले. बाहेरच्या उन्हातून आत शिरताच आवाज एकदम बसल्यासारखा होतो, आपलेच पाऊल आपल्याला वेगळे ऐकू येते. छताकडे पाहताना मान मागे टाकावी लागते. पुण्यात आल्यावर कंपनीने प्रथम ‘अमृतमंथन’ (१९३४) केला, आणि त्यातील राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे चित्र आजही अंगावर येते. ‘संत तुकाराम’मधले देहूचे घर, इंद्रायणीचा काठ, वैकुंठाला जाणारे विमान हे सारे जे कल्पनेत होते ते या आवारात लाकूड, कापड आणि रंग यांतून घडवले गेले, हे तिथे उभे राहिल्यावरच मनाला पटते.

‘संत तुकाराम’विषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी ‘आधी बीज एकले’ हे पद लिहिले, आणि ते तुकोबांच्या वळणाशी इतके एकरूप झाले की पुष्कळांनी तो अस्सल अभंग मानला. चित्रपटाने घडवलेली रचना लोकांच्या भक्तिपरंपरेत मिसळून जावी, यापेक्षा एखाद्या स्टुडिओच्या सांस्कृतिक स्थानाचा दुसरा कोणता पुरावा हवा? विष्णुपंत पागनीसांचा शांत तुकाराम आणि गौरी यांनी उभी केलेली रोखठोक आवली यांनी आमच्या आजीच्या पिढीसाठी त्या दांपत्याचे चेहरेच ठरवून टाकले. आजीला मी पोथी वाचताना पाहिले आहे आणि तिच्या डोळ्यांसमोर पागनीस असत, हे ती स्वतः सांगत असे.

मात्र ‘प्रभात’ म्हणजे केवळ संतपट नव्हेत. ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांची नीरा वृद्धाशी लावून दिलेले लग्न नाकारते, आणि त्या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातलेच आवाज वापरलेले आहेत. ‘शेजारी’मध्ये धरणाच्या कामावरून दुरावलेले हिंदू आणि मुसलमान मित्र आहेत, हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनी आणि मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदार यांनी केली होती. १९४१ साली केलेली ही निवड धाडसाची होती.

त्यानंतरची घसरण लवकर झाली. व्ही. शांताराम १९४२ मध्ये कंपनीतून बाहेर पडले, दामले १९४५ मध्ये वारले. ‘रामशास्त्री’ (१९४४) सारखा उत्तम चित्रपट निघाला आणि देव आनंद यांची कारकीर्द १९४६ मध्ये येथेच सुरू झाली, तरी कंपनी सावरली नाही. १९६० मध्ये केंद्र सरकारने या जागेत चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. अन्यथा डेक्कनजवळच्या या जमिनीवर आज काय उभे असते, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. आवारातल्या प्रसिद्ध आंब्याच्या झाडाखाली, ज्याला विद्यार्थी विस्डम ट्री म्हणतात, काही मुले पटकथेवरून तावातावाने वाद घालत होती. मी दूर बसून बराच वेळ ऐकत राहिलो.

प्रभात संग्रहालयासाठी किमान दीड तास ठेवावा. वेषभूषा, चित्रीकरणातील वस्तू आणि जाहिरातींचे कागद पाहताना घाई करू नये, कारण रंगकाम जवळून पाहण्यासारखे आहे. त्यानंतर त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत पी. के. नायर यांचा वाटा सर्वांत मोठा. तिथे जुन्या चित्रपटांचे खेळ वेळोवेळी होतात, म्हणून पुण्यातील दिवस ठरवण्यापूर्वी त्यांचा कार्यक्रम पाहावा. जानेवारी २००३ मधील आगीत नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या, कितीतरी जुन्या फिती नष्ट झाल्या, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ‘प्रभात’चा चित्रपट पाहण्याची संधी मिळत असेल तर प्रवासाची तारीख तिच्याप्रमाणे बदलावी. मला त्या तीन दिवसांत ती मिळाली नाही. पुढच्या खेपेला आधी खेळ ठरवीन आणि मग गाडीचे तिकीट काढीन.