टेबलाचं मी का सांगतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो. गोष्टी सांगायचा माझा कार्यक्रम संपला की कुणीतरी गाठतंच: "हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेलं पहिलं ऑस्कर. एवढी आनंदाची गोष्ट! त्यात ते टेबलाचं काढून विरजण कशाला घालता?"

ज्या चित्रपटासाठी ते मिळालं त्या 'गॉन विथ द विंड'ची कथा, तिनं केलेली मॅमी ही मोलकरीण, हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडतो. 29 फेब्रुवारी 1940ची रात्र आणि लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसेडर हॉटेलातलं कोकोनट ग्रोव्ह, तेवढ्यापुरतं बोलतो.

कित्येक वर्षं मी ही गोष्ट टेबलाशिवाय सांगत होतो. ठाऊक नव्हतं असं नाही. हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं शब्द टाकला तेव्हा तिला आत घेतलं, आणि बसवलं भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी. सोबतीला एक स्नेही आणि तिचा गोरा एजंट. हे सगळं माझ्या टिपणवहीत होतं. पण मी सुरुवात करायचो ती पारितोषिक देणाऱ्या अभिनेत्री फे बेंटरनं तिचं नाव पुकारलं तिथून. केसांत माळलेली अनंताची पांढरी फुलं, आपल्या वंशाला आणि चित्रपटसृष्टीला आपण नेहमी भूषण ठरू ही तिनं बोलून दाखवलेली आशा, शेवटी दाटून आलेला गळा. टाळ्या पडायच्या. मला त्या हव्या असायच्या.

पुण्यातला एक लहानसा हॉल. खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक मात्र बसूनच होते. मी जवळ गेलो.

"छान सांगितलंत. पण बाई बसल्या कुठं होत्या?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

वेळ कमी पडला, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते म्हणाले, "चौथीत माझा पहिला नंबर आला. नाव पुकारलं, टाळ्याही झाल्या. मास्तरांनी वही वरून सोडली." त्यांनी ओंजळ करून दाखवली. दोन्ही तळवे जोडलेले, छातीच्या बरेच खाली, मान तिरकी. "अशी धरायची. म्हणजे बोटाला बोट लागत नाही." थोडा वेळ ओंजळ तशीच राहिली. मग उठता उठता म्हणाले, "आम्हाला आधी टेबल दिसतं. बक्षीस मागाहून."

घरी येईपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. टाळ्या खोट्या नव्हत्या, मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. मग त्यांच्या नजरेला नजर का देता आली नाही?

आणखी एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या वर्षी लॉस एंजेलिस टाइम्सनं विजेत्यांची नावं समारंभाआधीच छापली होती. बंद लिफाफे पुढच्या वर्षीपासून आले, ते त्यामुळंच. म्हणजे ती जिंकलीय, हे त्या दालनात शिरतानाच कितीकांना कळलेलं असणार. तरीही ती भिंतीशी, आणि त्याच पारितोषिकात तिच्यामागं पडलेली त्याच चित्रपटातली गोरी अभिनेत्री ऑलिव्हिया द हॅविलंड सेल्झनिकच्या टेबलावर.

"सेल्झनिकनं निदान आत तरी आणलं की!" हेही तुम्ही ऐकवता. मान्य. अडीच महिन्यांपूर्वी चित्रपटाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर तिला जाताच आलं नव्हतं. पण एवढ्यावर मी 'निदान' म्हणून गप्प बसू का? आणि तिनंच मोलकरणीच्या भूमिका करून समाजाची मान खाली घातली, असं तिचे स्वतःचे लोक म्हणत होते, त्याचं काय करू? तिची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्यांचं म्हणणंही खोडता येत नाही.

खरं सांगायचं तर एका बाबतीत तुमचा आक्षेप मला आजही बोचतो. त्या भाषणात तिनं टेबलाचा उल्लेख केला नाही. तिनं जे बोलायचं टाळलं, ते तिच्या आनंदाच्या आधी मी का मांडतो? ती रात्र तिची होती. सहायक भूमिकांना तेव्हा पुतळा देत नसत, छोटी पाटी देत. ती तिनं हॉवर्ड विद्यापीठाच्या नावे ठेवली. पुढं ती तिथून हरवली, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं बदली पाटी दिली ती थेट 2023मध्ये.

पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे. फे बेंटरनं नाव पुकारायच्या आधी मी भिंतीपाशी थांबणारच. किती वेळ, ते अजून ठरत नाही.