रोलच्या पैशांची पावती

बाबांचे फोटो सगळ्यांना वापरायला खुले करायचे होते. परवाना कुठला ते ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. तोच परवाना एका नाट्यमंडळाकडून लिहून घ्यायला अकरा महिने गेले. त्यामुळे कोणी मला क्रिएटिव्ह कॉमन्सबद्दल (सीसी, म्हणजे आपलं काम इतरांना वापरायला खुलं करणारे तयार परवाने) विचारलं की डोळ्यांपुढे येते ती देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे धर्मशाळेतली, खोली, लोखंडी कपाट आणि किल्लीवाला आलेला नाही हे उत्तर.

बाबांचा फोंड्यात स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो हा धंदा. धंद्याबाहेर हौस: माशेलचा चिखलकाला, त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सोडलेल्या होड्या, शिगम्याची रोमटं म्हणजे मिरवणुका, जत्रेच्या रात्रीची मराठी नाटकं. २०१९ साली ते गेले. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत होत्या. एका पावसाळ्यात एका डब्याला बुरशी धरली तेव्हा घाबरून सगळं स्कॅन करून घेतलं, आणि ठरवलं की हे विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहात, टाकायचं. घरात कुजण्यापेक्षा बरं.

परवाने सहा आहेत, पण तुकडे चारच. बाय म्हणजे मूळ कर्त्याचं नाव द्या. एसए म्हणजे यातून नवं काही केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. एनसी म्हणजे धंद्यासाठी नको. एनडी म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. मीही आधी एनसीवरच बोट ठेवलं. बाबांच्या फोटोंवर दुसऱ्यानं पैसे का कमवावेत? पण कॉमन्स एनसी घेत नाही, एनडीही नाही. चिडलो. मग डोक्यात आलं की जाहिराती घेणारा दिवाळी अंक, तिकीट लावून नाटक करणारं मंडळ, किंमत लावलेलं गावाच्या इतिहासाचं पुस्तक, सगळेच यात अडकतात. आणि बाबांचे फोटो वापरणार ते हेच लोक. बाय-एसए, आवृत्ती ४.० घेतलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली, तुम्ही आधी वाचा: हा परवाना दिला की परत घेता येत नाही. फाइल उतरवलीत तरी ज्याच्याकडे प्रत आहे त्याचा हक्क राहतो. म्हणून मी आधी वीसच फोटो टाकले.

घरच्यांचं सोपं गेलं. कर्ता गेल्यावर आपल्याकडे साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०७९ संपेपर्यंत हे फोटो वारसांचे. वारस म्हटलं की गोव्यात लगेच इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसा-वाटणीच्या कोर्टकामाची, धडकी भरते, पण आई, ताई आणि मी तिघांनी लेखी संमती दिली आणि विषय मिटला. ताईची मस्कतहून ईमेलनं आली.

लग्नाचे फोटो मात्र मीच बाजूला काढले. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक तोच. म्हणजे नवरा-नवरीकडचे. हे मी मोठ्या शहाणपणानं आईला समजावून सांगितलं, आणि तेच कलम माझ्याच गळ्यात आलं.

नाटकांचे साठेक फोटो मंडळाच्या स्मरणिकेत छापलेले. शिष्टाचार म्हणून कळवायला गेलो. चिटणीस म्हणाले, "आमच्या स्मरणिकेतले फोटो आमचे." मी म्हटलं, काका, छापले म्हणून हक्क जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. ते म्हणाले, "फिल्मच्या रोलचे पैसे आम्ही दिलेत बाबा. पावती आहे." पावती कपाटात. किल्ली खजिनदाराकडे. खजिनदार चतुर्थी झाल्यावर येणार.

मग शनिवारामागून शनिवार. "फाल्यां पळोवया", उद्या बघू, हे मी इतक्यांदा ऐकलं की कदंबच्या कंडक्टरलाही माझं काम ठाऊक झालं. समितीत विषय ठेवला, तर एका ज्येष्ठ सभासदानं अर्ज वाचून विचारलं, "ही सीसी बाय कोण?" मी हसलो, ते हसले नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, फोटो इंटरनेटवर गेले की मुंबईवाले नेतील. नेऊ देत ना! त्यासाठीच तर टाकतोय. गोवा विद्यापीठानं कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ साली असेच खुले केले, हे सांगितल्यावर जरा शांतता झाली. विद्यापीठाचं नाव चालतं, स्टुडिओवाल्याच्या मुलाचं नाही.

पावती निघाली. १९८३ सालची, "रोल नग २", खाली बाबांची सही. रकमेत मजुरी नव्हतीच, नुसती फिल्मची किंमत. आता हा मोबदला की खर्चाची भरपाई? ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी भांडता येईल, पण तुला भांडायचंय कशाला? तुम्ही वारस परवाना द्या, मंडळानंही द्यावा. मालक कोणीही ठरो, परवाना आहेच.

हे मला पहिल्या शनिवारी सुचायला हवं होतं. डोकं आपटावंसं वाटलं.

तरीही पत्राला तीन फेऱ्या. पहिल्यात, "विकिपीडियावर वापरण्यास हरकत नाही." निरुपयोगी, कारण परवाना एका संकेतस्थळापुरता चालत नाही, तो सगळ्यांसाठी हवा. दुसऱ्यात कोणीतरी हळूच "व्यावसायिक वापर वगळून" घुसडलं. तिसरं मीच टाइप करून नेलं: परवान्याचं पूर्ण नाव, आवृत्ती, परवान्याच्या पानाचा पत्ता, फोटोंची यादी, आणि व्यावसायिक वापर व बदल यांनाही मुभा आहे हे स्पष्ट वाक्य. लेटरहेडवर छापून अध्यक्षांची सही. शिक्का चिटणीसांनी स्वतः मारला, दोनदा, पहिला फिका उठला म्हणून. म्हणून सांगतो, कोणाकडूनही परवानगी मागायची तर मजकूर आपणच लिहून न्या.

हो, एक राहिलंच. परवाना कॉपीराइटचा असतो, फोटोतल्या माणसाचा नाही. रंगपटात साडी नेसताना टिपलेले स्त्रीपार्टी नट आज सत्तरीचे आहेत. त्यांना विचारून घेतलं. एकानं नको म्हटलं, तो फोटो ठेवून दिला.

गेल्या जत्रेच्या हंगामात सिंधुदुर्गातल्या एका मंडळानं बाबांच्या फोटोवरून पोस्टर केलं. नाव होतं, परवान्याचा उल्लेख नव्हता. कळवलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवलं. अट मोडली की वापराचा हक्क जातो, पण चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर ४.० मध्ये तो आपोआप परत मिळतो, तेव्हा नोटिशीची भाषा करायची गरजच पडली नाही. पोस्टर आईला मोबाइलवर दाखवलं. तिनं फोटो मोठा करून बाबांचं नाव वाचलं, मग खाली पाहिलं.

"तिकीट शंभराचं?"

"हो."

"मग आपल्याला दोन पास तरी पाठवायचे."