धुराडे आधी, शेगडी नंतर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात आम्ही घर घेतले आणि लाकडाची शेगडी बसवायचे ठरवले, तेव्हा सर्वांत आधी घरी आला तो धुराडे झाडणारा. शेगड्यांच्या दुकानात आम्ही अजून पाऊलही टाकले नव्हते. ही गोष्ट आमच्या शहाणपणामुळे घडली नाही. शेजारच्या आजोबांनी त्याला परस्पर फोन करून टाकला होता. तो छपरावर चढला, धुराड्यात लांब केबलला बांधलेला कॅमेरा सोडला आणि खाली येऊन आम्हाला पडद्यावर दाखवले, की विटांच्या आत एकावर एक बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांपैकी दोन तडकलेले आहेत. शेगडी कोणती घ्यायची, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला, तर त्याने सांगितले की धुराड्यात काय बसते ते आधी पाहू, मग शेगडीचे बोलू. आज मागे वळून पाहताना वाटते, की या निवडीचा खरा क्रम तोच आहे: आधी धुराडे, मग सरपण आणि शेवटी शेगडी. बहुतेक लोक, आमच्यासकट, नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

इथे या वस्तूला वुड स्टोव्ह म्हणतात. मराठीत स्टोव्ह म्हटला की पंप मारायचा, मधूनमधून पिन करावा लागणारा रॉकेलचा स्टोव्ह डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी तिला शेगडीच म्हणते. प्रत्यक्षात ती चार पायांवर उभी असलेली जड, बंद लोखंडी पेटी असते. पुढे काचेचे दार, दाराखाली किंवा बाजूला हवा कमी-जास्त करण्याची दांडी आणि माथ्यावरून किंवा पाठीतून निघणारा, बहुधा ६ इंच व्यासाचा धुराचा नळ. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केलेल्या माणसाला तिची पहिली ओळख जरा परकी वाटते, कारण या शेगडीला फुंकर घालायची नसते. दार घट्ट लावून घ्यायचे आणि किती हवा आत जाऊ द्यायची तेवढे ठरवायचे, की बाकीचे काम धुराड्याची ओढ करते.

मेनमधली घरे तापवण्यासाठी खनिज तेलावर जितकी अवलंबून आहेत तितकी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यातली नाहीत. तळघरात बॉयलर असतो, तो तेल जाळून पाणी तापवतो आणि ते गरम पाणी खोल्याखोल्यांतून फिरते. व्यवस्था उत्तम आहे, फक्त बॉयलरच्या बर्नरला आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाला वीज लागते. जानेवारी १९९८ मध्ये इथे जे हिमवादळ झाले, ज्यात पाऊस पडता पडता झाडांवर आणि तारांवर गोठत गेला आणि राज्यातली निम्म्याहून जास्त वस्ती अंधारात गेली, त्याच्या आठवणी इथले लोक अजून काढतात, आणि त्या आठवणींत प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरातली शेगडी असतेच. म्हणून पूरक ऊब म्हणून लाकूड. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणारी शेगडी जास्त सुटसुटीत असते, पण गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू आणि हवेचा पंखा दोन्ही विजेवर चालतात. वीज गेल्यावर चालावी म्हणून शेगडी घेणाऱ्याने ती घेण्यात अर्थ नाही, एवढे सांगून तो विषय मी इथेच सोडते.

धुराड्याकडे परत येते. आमच्या दिवाणखान्यात जुनी उघडी शेकोटी होती. ती दिसायला देखणी असते, पण खोलीतली तापलेली हवाच धुराड्यातून वर ओढून नेते, त्यामुळे जळलेल्या लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता घराला मिळते. तिच्यासाठी बांधलेले धुराडे रुंद असते. ६ इंची नळातून निघालेला धूर अशा रुंद पोकळीत शिरला की पसरतो, मंदावतो आणि थंड होतो. थंड धुरातली वाफ आणि न जळलेली द्रव्ये भिंतींवर धरतात. त्यांचा क्रिओसोट नावाचा डांबरासारखा काळा थर साचत जातो आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. धुराड्याला लागणाऱ्या आगीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. त्यावर उपाय म्हणून आमच्या विटांच्या धुराड्यात वरपासून खालपर्यंत उष्णतारोधक आवरण गुंडाळलेला स्टेनलेस स्टीलचा ६ इंची नळ सोडावा लागला. बाहेर धुराड्याचे टोक छपराच्या छेदापासून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत छपराचा जो भाग येतो त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच असावे, असा इथला नियम आहे. आमचे टोक त्यात थोडे कमी पडले आणि वाढवावे लागले. या सगळ्यापुढे खुद्द शेगडीची निवड सोपी झाली, कारण ८ इंची नळ मागणाऱ्या मोठ्या शेगड्या आपोआप यादीतून गळून पडल्या.

आकाराच्या बाबतीत मात्र आम्ही चुकता चुकता वाचलो. माहितीपत्रकांत प्रत्येक शेगडीपुढे इतके चौरस फूट तापवते असा आकडा असतो, आणि विकणाऱ्याचा ओढा अर्थातच मोठीकडे होता. त्या आकड्यात छताची उंची, भिंतींतले उष्णतारोधक, खिडक्या आणि बाहेरची थंडी यांतले काहीच धरलेले नसते. मोठी घेऊन हळू जाळू, हा विचार ऐकायला समंजस वाटतो आणि नेमका तोच घात करतो. मोठ्या शेगडीत दोन तासांत खोली भट्टीसारखी तापते, मग माणूस हवेची दांडी दाबून टाकतो, जाळ बसतो, लाकूड धुमसत राहते, काच काळी पडते आणि सगळी काजळी धुराड्याला जाऊन चिकटते. मुख्य ऊब बॉयलरची आणि शेगडी जोडीला, असे असेल तर शेगडी रोज भरून, मोकळ्या हवेवर, चांगला जाळ धरून चालवता येईल एवढीच असावी. आम्ही सुमारे दीड घनफूट पोटाची घेतली. तिचा तोटाही सांगायला हवा: रात्री अकराला भरली तर पहाटे पाचला निखारे मिळतील याची खात्री नसते, आणि लाकडे १६ इंचांपेक्षा लांब चालत नाहीत. जिथे लाकूड हीच मुख्य ऊब आहे अशा घराला मी हा आकार सुचवणार नाही.

यानंतर प्रश्न येतो तो आतल्या यंत्रणेचा. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात आणि जळाऊ अंशाचा मोठा भाग त्या वायूंतच असतो. आपण ज्याला धूर म्हणतो ते खरे तर न जळलेले इंधन आहे. जुन्या शेगड्या ते इंधन धुराड्यातून गावावर सोडून देत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ मध्ये नव्या शेगड्यांसाठी पहिल्यांदा मर्यादा घातली आणि १५ मे २०२० पासून ती ताशी २ ग्रॅम सूक्ष्म कणांवर आणली. चाचणी घरी वापरतात तशा फोडलेल्या सरपणावर केली असेल तर अडीच ग्रॅम. ही मर्यादा दोन वाटांनी गाठता येते. एका प्रकारात धूर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेल्या जाळीतून, म्हणजे कॅटॅलिस्टमधून, जातो. तिच्यामुळे एरवी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पेटणारा धूर २६० अंशांच्या आसपासच पेटतो, त्यामुळे मंद आचेवरही स्वच्छ ज्वलन होते. दुसऱ्या प्रकारात पोटाच्या वरच्या बाजूला छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा आत येते आणि धूर तिथेच जळतो.

कॅटॅलिस्टची शेगडी संथ, लांब आणि एकसारखी ऊब देते यात वाद नाही. पण तिला शिस्त लागते. जाळी तापेपर्यंत धूर आडवाटेने सोडायचा, मग झडप बंद करायची. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, रंगीत चकचकीत कागद यांतले काहीही आत टाकायचे नाही, नाहीतर लेप निकामी होतो. आणि इतके जपूनही काही वर्षांनी जाळी बदलावीच लागते. आमच्या घरात शेगडीला लाकूड घालणारे चार हात आहेत आणि चौघांच्या चार तऱ्हा आहेत, म्हणून आम्ही नळ्यांची घेतली. शेगडी तापल्यावर काचेतून पाहिले, तर खाली लाकडावरचा जाळ मंदावलेला असतो आणि वर, कशालाही न टेकता, छिद्राछिद्रांतून निळसर पिवळ्या ज्योतींच्या रांगा लोंबत असतात. बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहावे तर वर फक्त हवा थरथरताना दिसते.

शेगडी पोलादी पत्र्याची, बिडाची की सोपस्टोनची, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाची, यावर इथे माणसे तासन्‌तास बोलतात. पोलादी लवकर तापते आणि लवकर निवते, दगडी उशिरा तापते आणि जाळ विझल्यावरही ऊब सोडत राहते, बिडाची या दोन्हींच्या मधली. मला या चर्चेत फारसा रस नाही.

शेगडीच्या मागे असलेल्या धातूच्या पट्टीत मात्र खूप आहे. त्या पट्टीवर प्रमाणपत्र असते आणि कुठल्या बाजूला जळाऊ भिंतीपासून किती इंच अंतर सोडायचे ते कोरलेले असते. अशी पट्टी नसलेल्या शेगडीला सर्व बाजूंनी ३६ इंच मोकळे सोडावे लागतात. सुरुवातीला आम्हाला एक जुनी, वेलबुट्टीची, फार देखणी बिडाची शेगडी जवळजवळ फुकट मिळत होती. तिच्यावर पट्टी नव्हती. तिन्ही बाजूंना ३६ इंच सोडले असते तर ती दिवाणखान्याच्या मध्यावर येऊन बसली असती. शिवाय आमच्या घरविम्याच्या कंपनीने प्रमाणपत्र नसलेल्या शेगडीचे घर विमाकृत करणार नाही असे लेखी कळवले. पुढे नव्या शेगडीसाठी नगरपालिकेचा परवाना काढला, खाली न जळणारा चौथरा केला आणि एका बाजूला भिंतीपासून १ इंच सुटी राहील अशी पत्र्याची ढाल लावली. त्या १ इंचातून हवा खेळते आणि भिंत हाताला गार लागते.

सरपणात मात्र आम्ही पुरते फसलो. पहिल्या सप्टेंबरात एका लाकूडवाल्याने दोन कॉर्ड वाळलेले ओक आणून अंगणात ओतले. कॉर्ड हे इथले माप आहे: ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. लाकडांची टोके करडी झालेली, चिरा पडलेल्या. दिसायला अगदी वाळकी. ऑक्टोबरात ती पेटेनात. दार उघडे ठेवले की जळत, लावले की धुमसत, आणि टोकांतून सूंऽ असा आवाज करत फेस बाहेर येई. शेवटी ओलावा मोजायचे यंत्र आणले. चिमटीत मावणारी वस्तू, पुढे दोन सुया. बाहेरच्या अंगाला सुया टोचल्या तर आकडा १७ टक्के. मग आजोबांच्या सांगण्यावरून तीच चिरफळी कुऱ्हाडीने पुन्हा फोडली आणि ताज्या आतल्या अंगाला, रेषांच्या दिशेने, सुया दाबल्या. आकडा ३१. चांगल्या ज्वलनाला तो २०च्या खाली हवा. बाकीचे सगळे पाणी शेगडीत उकळत होते आणि आम्हाला मिळायची ती ऊब वाफेबरोबर वर जात होती.

त्यातून कळले ते असे, की ऍश किंवा मेपल फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे ठेवले तर साधारण एका वर्षात वाळते. ओकला दोन उन्हाळे तरी द्यावे लागतात. पाइनने धुराडे खराब होते हा इथला जुना समज आहे, पण धुराडे खराब होते ते ओलाव्याने. वाळलेले पाइन छान जळते, फक्त लवकर संपते. दुसऱ्या राज्यातून स्वस्त सरपण आणण्याचा मार्गही नाही, कारण झाडे पोखरणारे किडे त्यातून पसरतात आणि म्हणून प्रक्रिया न केलेले बाहेरचे सरपण मेनमध्ये आणण्याला बंदी आहे.

एक गोष्ट आम्हाला कुणीच आधी सांगितली नव्हती. बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिवाणखान्यात, शेगडीपासून १५ फुटांवर होता. शेगडी रंगात आली की त्याला वाटे घर तापले. तो बॉयलर बंद ठेवी आणि उत्तरेकडच्या न्हाणीघरातले पाणी भिंतीतल्या नळात गोठू लागे. एका पहाटे बाहेर उणे २३ अंश असताना तोटीतून थेंबही आला नाही. नळ फुटला नाही हे नशीब. थर्मोस्टॅट आता मागच्या खोलीत हलवला आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे दोन्ही मजल्यांवर आहेत, आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून दूर ठेवतो, कारण तिच्या पोटात निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो.

ते फसलेले ओक आम्ही फेकले नाही. अंगणाच्या दक्षिण कडेला फळ्यांवर ते नीट रचले आणि वर पत्रे टाकले. गेल्या आठवड्यात त्यातली एक जाड चिरफळी मुद्दाम फोडून पाहिली. आकडा १९ होता.